सहीला निघालेली गाडी

किल्ली फिरवली की इंजिन घरघरायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. नवव्यांदा तेच झालं, तेव्हा शरद गुरुजींनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"काय पावलं घेऊन आलीस जोह्याहून!" ते खिडकीतून बहिणीवर खेकसले. "जा, फाटकाजवळ उभी राहा. मध्ये मध्ये नको."

आनंदीबाई निमूट फाटकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. साठीला टेकलेली विधवा बाई, जोह्याच्या कारखान्यात गणपतींची पितांबरं रंगवून पोट भरणारी. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या वडिलांच्या जमिनीत तिचा निम्मा हिस्सा होता आणि तो भावाला सोडून द्यायला ती आज पहाटे उठून, ठेवणीतली साडी नेसून, पहिल्या एसटीने पेणला आली होती. अशा बहिणी आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. हक्कसोडपत्रावर सही करतात, भावाने दिलेली साडी घेतात आणि माहेर टिकलं म्हणून समाधानाने घरी जातात. त्यांची कीव करायलाही कंटाळा येतो.

रोह्याच्या नोंदणी कार्यालयात बाराचा नंबर होता. गुरुजींचा मुलगा पुष्कर साक्षीदारांना घेऊन तिथे थांबला होता. वरशाला आता इमारती उठत होत्या आणि त्या जमिनीवर पुष्करला बंगला बांधायचा होता.

"अंगठा घासलास का गो?" गुरुजींनी आतूनच विचारलं. "रंग राहिला तर मशीन ठसा घेत नाही."

"घासला दादा. रॉकेलने."

"दाखव."

त्या पुन्हा गाडीपाशी आल्या. गुरुजींनी तिसरीतल्या पोराची नखं तपासावीत तसा तो अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि त्यांना परत फाटकाकडे पिटाळलं.

दहाच्या सुमाराला नाक्यावरचा मेकॅनिक रितेश आला. तो ड्रायव्हरच्या दाराला हात घालणार, तोच गुरुजी ओरडले, "त्या पँटने सीटवर बसायचं नाही! किल्ली मी फिरवतो. तू बॉनेट बघ."

"टाकीत डिझेल हाय ना?"

"छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. मला टाकी शिकवू नकोस."

रितेशने खांदे उडवले. बॅटरी पाहिली, ती दणदणीत होती. फिल्टर उघडून पाण्याचा थेंब आहे का बघितलं. हातपंप दाबून दाबून लाइनमधली हवा काढली. बुडबुडे थांबले, स्वच्छ डिझेल आलं. गुरुजींनी किल्ली फिरवली. घरघर, आणि गप्प.

"ही तुझी विद्या?" गुरुजी म्हणाले. "सातवीला किती वर्षं होतास?"

"पंपापर्यंत डिझेल येतंय गुरुजी, पुढं जात नाय. पंप उतरवायला लागंल. संध्याकाळ होईल."

पावणेअकरा झाले होते. पुष्करचा तिसरा फोन आला. गुरुजींनी कपाळ पुसलं आणि फोनवर म्हणाले, "पुढच्या आठवड्याचा नंबर घे. ही काय पळून जात नाही."

"नको दादा!" आनंदीबाई फाटकाजवळून एवढ्या मोठ्याने बोलल्या की रितेशनेही मान वर केली. "आजच झालं पाहिजे."

स्वतःची जमीन घालवायची एवढी घाई! रितेशलासुद्धा हसू आलं. बाई मात्र लगबगीने गाडीपाशी आल्या, खिडकीतून आत वाकल्या आणि डॅशबोर्डखाली बोट दाखवून म्हणाल्या, "ती खुंटी बघ."

गुरुजींची जुनी डिझेल गाडी किल्लीने बंद होत नसे. खुंटी ओढली की पंपातून पुढे जाणारं डिझेल तुटायचं आणि इंजिन थांबायचं. पुन्हा सुरू करण्याआधी ती आत ढकलावी लागे. काल संध्याकाळी गुरुजींनी खुंटी ओढली आणि सकाळी विसरायला नको म्हणून जमिनीच्या कागदांची पिशवी तिच्यावरच अडकवली. खुंटी रात्रभर बाहेरच होती. सीटवर बसलेल्या माणसाला ती दिसायला हवी होती, पण सीटवर गुरुजीच बसले होते.

आनंदीबाईंनी पिशवी काढून घेतली आणि खुंटी आत ढकलली. "आमच्या ह्यांच्या टेम्पोला अशीच होती. लाव आता."

पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. रितेशने फडक्यात तोंड लपवलं.

"मी तेच बघणार होतो," गुरुजी म्हणाले. "आणि एवढं कळत होतं तर तासभर काय करत होतीस?"

"तू मला फाटकाशी उभं केलंस. तिथून काय दिसणार?"

वाटेत नागोठणं येईपर्यंत गुरुजी बोलत होते. मेकॅनिक कसे अडाणी, बायका कशा वेंधळ्या, वडिलांनी जमीन राखली ती कशी मुलाच्या भरवशावर. आनंदीबाई मागे बसून "व्हय" म्हणत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, "बाराच्या आत पोचू ना?"

बाराला पाच कमी असताना ते कार्यालयात शिरले. नाव पुकारलं गेलं. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी कागद चाळले, साक्षीदारांची ओळखपत्रं पाहिली आणि मान वर केली.

"आनंदीबाई, हा हक्क तुम्ही स्वखुशीने सोडताय ना?"

"हो हो, अगदी स्वखुशीने," गुरुजी म्हणाले.

"त्यांना बोलू द्या."

"नाय," आनंदीबाई म्हणाल्या. "घरात बोलले असते तर ते घरातच राहिलं असतं. इथं लिहून घेतात ना, म्हणून आले. आठवडाभर थांबले असते तर धीर सुटला असता. घ्या लिहून, मॅडम."