आबांचं श्राद्ध

फोनच्या पडद्यावर येरिन हसत होती, आणि तिच्या मागे ओट्याखालून कुणाचे तरी पाय बाहेर आले होते.

"ते कोण?" दॉक्सूने विचारलं.

"मुनकाका. सिंक तुंबलंय ना." लेक पुन्हा हसली. ओट्याखालचा माणूस काहीतरी बोलला होता. काय, ते सोलपर्यंत ऐकू आलं नाही.

त्याच्या बायकोने, उन्जूने, फोन हातात घेतला. "चर्चमधले आहेत रे. बायको वारली त्यांची. लागेल ती मदत करतात बिचारे."

ते 'बिचारे' दॉक्सूच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. सिंकच्या चौकशा करून त्याने फोन ठेवला.

येरिनच्या शिक्षणासाठी मायलेकी ऑकलंडला गेल्या तेव्हा त्याने राहतं घर विकलं आणि तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर एक खोली घेतली. अशा बापांना सोलमध्ये रानहंस म्हणतात. पिलांसाठी समुद्र ओलांडणारे! दॉक्सूला ओलांडायला रजाच मिळत नव्हती. पहिल्या वर्षी उन्जू फोनवर रडायची. त्याला वाईट वाटायचं आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटायचं. आता ती रडत नव्हती. गाडी चालवायला शिकली होती. केस आखूड केले होते. उन्हाने रापून उलट तरुण दिसायला लागली होती. आपल्यावाचून ती इतकी छान दिसते हे त्याला बघवत नव्हतं. नुसता जळफळाट व्हायचा.

"काय हो नामगुंग, परदेशात जाऊन माणूस सुखी होतो का?" त्याने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं.

"माणूस होतो की," नामगुंग नूडल्स ओढत म्हणाला. "बाईमाणूस तर होतंच. इथे उरलेल्याचं विचारू नका."

"तिथे एक विधुर आहे. सिंक दुरुस्त करतो."

नामगुंगने वाटी खाली ठेवली. "आज सिंक. उद्या छप्पर. साहेब, तिकीट काढा."

दॉक्सू हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या फोनवर उन्जू आपणहून म्हणाली, "तुझा तो ऑफिसातला फोटो आहे ना, काळ्या सुटातला? पाठव मला. मोठा करून घेते."

"कशाला?"

"घरात लावायला. तुझा धड एक फोटो नाही इथे."

दॉक्सूचा जीव भांड्यात पडला. मुनकाकाने खुशाल सिंक दुरुस्त करावं, भिंतीवर फोटो कुणाचा? त्याने तेव्हाच्या तेव्हा पाठवून दिला. दोन दिवस तो शीळ घालत ऑफिसला गेला. मग येरिन सहज बोलून गेली की काकांनी आईला मासे पकडायला शिकवलं, आणि शीळ बंद झाली.

आबांचं श्राद्ध जवळ आलं होतं. दॉक्सू थोरला. वडिलांपुढे ताट मांडायचं, दारू ओतायची, दोनदा दंडवत घालायचा, हे त्याचं काम. पण खोलीत धड चूल नव्हती आणि सगळीकडे कोंबडीचा वास. म्हणून मायलेकी गेल्यापासून श्राद्ध ऑकलंडला व्हायचं. उन्जू मांडलेल्या फळांचे, माशाचे फोटो पाठवायची.

"आबांना पत्ता सापडेल का गं इतक्या लांबचा?" येरिन दरवर्षी विचारायची.

"या वर्षी दारू कोण ओतणार?" दॉक्सूने फोनवर विचारलं.

"येरिन ओतेल. नेहमीसारखी."

"आणि मुनकाका?"

"त्यांचा काय संबंध?" उन्जू म्हणाली. "आणि त्या दिवशी फोन करू नकोस हं. गडबड असते."

दॉक्सूने तिकीट काढलं. कुणाला सांगितलं नाही. साहेबापुढे जवळजवळ रडून रजा मिळवली. आबांचा पितळी पेला रुमालात गुंडाळून बॅगेत घातला. या वर्षी आपण ओतायची. आणि त्या माणसाला एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं. विमानात त्याने कितीतरी कडक वाक्यं पाठ केली.

संध्याकाळी टॅक्सीने त्याला एका बैठ्या, पांढऱ्या घरापाशी सोडलं. अंगणात लिंबाचं झाड होतं. दार किलकिलं होतं, गेलेल्याला आत येता यावं म्हणून या दिवशी ठेवतात तसं. आतून उदबत्तीचा वास येत होता. पायऱ्यांवर बुटांचे तीन जोड होते. त्यातला एक पुरुषाचा.

तो आत गेला. ताटं मांडली होती. पेअर, खजूर, अख्खा मासा. बाजूला येरिन उदबत्ती घेऊन उभी होती. आणि गुडघे टेकून, दोन्ही हातांनी पेला धरून, दारू ओतत होता तो माणूस.

दॉक्सूच्या अंगाचा तिळपापड झाला. पाठ केलेलं सगळं तो विसरला. "ए! तू कोण रे इथे ओतणारा? हा हक्क माझा आहे!"

मुनकाका दचकून वळले. त्यांनी दॉक्सूकडे पाहिलं, मेजावरच्या फोटोच्या चौकटीकडे पाहिलं, पुन्हा दॉक्सूकडे. मग घाईने उठून कमरेत वाकले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"माफ करा, माफ करा. तुम्ही त्यांचे थोरले भाऊ ना? चेहरा अगदी तोच आहे हो. मला वाटलं, घरचं कुणी येणार नाही, म्हणून मी... या ना. तुम्हीच ओता."

दॉक्सूने मेजाकडे पाहिलं. चौकटीला काळी फीत होती. चौकटीत काळ्या सुटातला तो स्वतः होता.

त्याने येरिनकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

स्वयंपाकघरातून उन्जू भाताची वाटी घेऊन बाहेर आली. त्याला पाहून ती थबकली. वाटी पडली नाही. ती तिने हळूच फोटोपुढे ठेवली, कपड्यांनाच हात पुसले आणि खाली वाकून म्हणाली, "भावोजी, आधी कळवलं असतंत तर विमानतळावर घ्यायला आलो असतो."