दीड रुमाल

"ताई, तुम्ही म्हणे केस करता करता पिक्चर सांगता," खुर्चीतली नवी बाई म्हणाली. तिच्या डोक्याला रंग लावून झाला होता आणि एक ओघळ कपाळावर उतरायच्या बेतात होता. पार्लरवालीने तो कापसाने टिपला.

सांगायचीच ती. तिच्याकडे निम्म्या बायका केसांसाठी यायच्या आणि निम्म्या पिक्चरसाठी. प्रेमाचे, ताटातुटीचे, रडून रडून नाक लाल करणारे. मारामारीचे पिक्चर तिच्या खिजगणतीतही नव्हते. कोणता कुणाबरोबर बघायचा आणि कोणता नवऱ्याशी भांडण झालेलं असताना चुकूनही बघायचा नाही, हे ती भांग पाडता पाडता सांगून टाकायची. शेवट मात्र कुणालाच नाही. शेवट सांगणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

"रडायला येईल असा सांगा," बाई म्हणाली. "कमीत कमी दीड रुमालाचा."

पार्लरवालीचा हात थांबला.

"दीड रुमालाचा म्हणजे?"

"एक डोळ्यांना आणि अर्धा नाकाला!" बाई हसली. "आमच्या ह्यांचं माप आहे ते. म्हणजे अजून 'हे' झाले नाहीत, पुढच्या महिन्यात होतील. अहो, काय हळवे आहेत! पिक्चर सांगायला बसले की ऐकत राहावं."

दीड रुमाल हे माप जगात एकाच घरात होतं. ते पार्लरवालीने काढलं होतं. आणि ते ऐकून दात काढणारा तिचा नवरा गेल्या वर्षी बॅग भरून निघून गेला होता.

"कोणता सांगितला त्यांनी?" तिने विचारलं.

"तो घड्याळजीचा, जुना. मी पाहिला नाही अजून, पण नुसता शेवट ऐकूनच रडले. म्हातारपणी तो आंधळा होतो ना, आणि ती इतक्या वर्षांनी दुकानात येते. एक शब्द बोलत नाही. पण तिच्या मनगटावरच्या घड्याळाच्या टिकटिकीवरून तो ओळखतो, की हे तर आपणच दुरुस्त केलेलं!" बाईचे डोळे खरंच भरून आले. "सांगताना ह्यांचाही आवाज कापत होता."

त्या पिक्चरमध्ये कुणीही आंधळं होत नाही. घड्याळजी दुकान विकतो आणि दुसऱ्या गावाला निघून जातो, संपला पिक्चर. नवरा नेहमीसारखा मध्यंतरानंतर घोरत पडला होता. घरी जाताना स्कूटरवर त्याने नेहमीसारखंच विचारलं होतं, "काय झालं गं शेवटी?" तिचं डोकं सणकलं होतं. झोपलेल्याला खरा शेवट कशाला द्यायचा? सिग्नल लागला होता. तो सुटेपर्यंत तिने टिकटिकीचा शेवट रचला आणि त्याच्या पाठीला ऐकवला. मग स्वतःच रचलेल्यावर स्वतःच रडली, त्याच्या शर्टाला नाक लावून.

नवरा गेला तेव्हा ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी पार्लर उघडून बसली. पण हे? माझं रडू उचलून नेतो आणि दुसरीपुढे मिरवतो? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यांची पहिली बायको अगदीच अरसिक होती म्हणे," बाई आरशातून म्हणाली. "थिएटरात घोरायची. हे बिचारे एकटेच डोळे पुसायचे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"ताई, डोकं चुरचुरतंय हो. धुवायचं का?"

रंग धुवायची वेळ झालीच होती. आणखी थोडा वेळ राहू दिला असता तर त्या दाट केसांचं काय झालं असतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. लग्नाच्या फोटोत नवरी टोपी घालून उभी राहिली असती. ती त्या डोक्याकडे बघत राहिली. मग आरशातल्या भाबड्या, ओल्या डोळ्यांकडे. वड्याचं तेल वांग्यावर काढून काय मिळणार होतं?

तिने खुर्ची बेसिनकडे फिरवली आणि कोमट पाण्याने, हलक्या बोटांनी रंग धुऊन काढला. इतक्या मायेने तिने स्वतःचे केसही कधी धुतले नव्हते. मनात एक बेत शिजत होता आणि त्याचा वासच इतका छान येत होता.

"घड्याळजीचाच बघा," टॉवेल गुंडाळताना ती म्हणाली. "रविवारी दुपारच्या खेळाला लागतोय. पण एकटीने नाही हं. ह्यांना घेऊन जा. आणि लग्नाच्या आधी."

"पण त्यांनी तर पाहिलाय."

"हळव्या माणसाचं एकदा बघून भागतं होय? पोटभर जेवून जा, मऊ खुर्च्यांची तिकिटं काढा. आणि मध्यंतरानंतर त्यांची मान तुमच्या खांद्यावर आली ना, तर अजिबात हलू नका. पिक्चर संपला की घरी जाताना तुम्हीच विचारा, काय झालं हो शेवटी?"

"इश्श!" बाई लाजली. खांद्याची कल्पना तिला फारच आवडली होती.

पार्लरवालीने खणातून दोन पांढरे रुमाल काढले. एक घडी करून बाईच्या हातात दिला. दुसरा कात्रीने मधोमध कापला आणि त्यातला अर्धा वर ठेवला.

"म्हणजे त्या टिकटिकीला मी नक्की रडणार तर!"

"शेवट मी कुणाला सांगत नाही," पार्लरवाली म्हणाली आणि तिने ड्रायर सुरू केला.