फुली मारलेली छायाचित्रे

पडद्यावर चौथे छायाचित्र आले आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रज्ञेशने गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र नकळत मुठीत धरले. छायाचित्राच्या कोपऱ्यातला क्रमांक त्याच्या हस्ताक्षरात होता. त्यावरची लाल फुलीही त्यानेच मारलेली होती.

पडद्याशेजारी शर्मिला उभी होती. आज तिच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. कधीकाळी दोघे याच प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करीत. प्रज्ञेशला हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत जाऊन तीन वर्षे झाली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो आज केवळ तिला ऐकायला आला होता.

त्याचा विषय होता न्यूमोनियाच्या जिवाणूचे विष. त्या विषाचे रेणू पेशीच्या आवरणावर एकमेकांना बिलगतात, त्यांचे कडे तयार होते आणि त्या कड्याच्या जागी पेशीला भोक पडते. ते कडे कसे घडते, हे त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहायचे होते. चार वर्षे तो तांब्याच्या इवल्याशा जाळीवर विषाचा थेंब ठेवीत राहिला, कागदाच्या टोकाने तो टिपून घेत राहिला आणि फिल्मवर छायाचित्रे घेत राहिला. पूर्ण कडी फार थोडी मिळत. बहुतेक ठिकाणी नुसत्या कमानी दिसत. पाव, अर्ध्या, पाऊण. थेंब टिपताना आपलाच हात जड पडतो आणि कडी मोडतात, याबद्दल त्याला कधी शंका वाटली नाही. कुठेही काही मोडलेले दिसले की आधी स्वतःचे हात तपासावेत, असा त्याचा स्वभावच होता.

"अहो, तुम्ही विषाचा अभ्यास करताय की बांगड्यांच्या दुकानातल्या भूकंपाचा?" मार्गदर्शक डॉ. दिगंबर पटवर्धन विचारीत. सगळे हसत. प्रज्ञेशही खाली मान घालून हसण्याचा प्रयत्न करी आणि लाल पेन्सिल उचली. मग शिष्यवृत्तीची मुदत संपली. त्या दिवसांत संगणकाच्या कंपन्या विज्ञानाच्या कुठल्याही पदवीधराला शिकवून घेत होत्या. त्यानेही अर्ज केला.

"ही कडी मोडलेली नाहीत," शर्मिला सांगत होती. "ही घडत असलेली कडी आहेत."

तिने कमानी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडल्या. रेणूमागून रेणू येऊन जोडला जात होता. आणि कडे पूर्ण होण्याची वाटही न पाहता, कमान असतानाच, आवरण भेदले जात होते. शर्मिलाने तीन वर्षे स्वतःच्या हातांनी तेच प्रयोग पुन्हा केले होते. त्याच कमानी पुन्हा आल्या होत्या.

बाहेरून आलेले परीक्षक पुढे झुकले. "ही पहिली छायाचित्रं फारच स्वच्छ आहेत. हात कुणाचा?"

"प्रज्ञेश रामटेके यांचा," शर्मिला म्हणाली. "ते मागे बसलेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रज्ञेशने चोरी पकडली गेल्यासारखे जमिनीकडे पाहिले. पटवर्धन सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

नंतर व्हरांड्यात चहा होता. अंधारखोलीत फिल्म धुणाऱ्या कोंडीरामांनी कप आणून त्याच्या हातात दिला.

"तुम्ही त्या फिल्मा फेका म्हणला होता साहेब," ते म्हणाले. "पण एवढ्या निगुतीनं धुतलेल्या. नाही फेकवल्या. म्याडमना दिल्या."

गर्दीतून वाट काढीत शर्मिला आली. पुढच्या महिन्यात ती जर्मनीला जाणार होती.

"शोधनिबंधात तुमचं नाव माझ्या आधी घातलंय," ती म्हणाली. "न विचारता. रागावू नका."

"मी कशाला रागावू?" त्याने कपातल्या चहाकडे पाहिले. "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"तुम्ही कपाट रिकामं केलंत ना, त्याच संध्याकाळी. टेबलावर सगळ्या फिल्म पसरून बसले होते."

"म्हणजे मी इथे असतानाच."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"



"बोलायचंच ठरवून आले होते दुसऱ्या दिवशी. तर तुम्ही माझ्या टेबलापाशी उभे. हातात पेढ्यांचा खोका, नोकरी लागली म्हणून. चार वर्षांत तुम्हांला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटले एकदाचे. आता कमानींचं काही सांगितलं, तर हे ती नोकरी सोडून परत येतील. तेवढं पाप माझ्या माथी नको."

"आलो असतो," प्रज्ञेश म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. फोटो काढायचे होते. "जाऊ नका हं," असे म्हणून ती गेली. प्रज्ञेश कठड्याला टेकून उभा राहिला. पेढे वाटले त्या दिवसाचे सगळे त्याला लख्ख आठवत होते. पटवर्धन सर, कोंडीराम, दोघे नवे विद्यार्थी, अगदी कार्यालयातल्या बाईसुद्धा. प्रत्येकासमोर त्याने खोका धरला होता आणि प्रत्येकाकडून अभिनंदन घेतले होते.

हसला तो फक्त तिच्या टेबलापाशी होता.