पेटीतला चेहरा

"एक डोळा झाकायचा आणि पेटीतला चेहरा कसा दिसतो ते सांगायचं. घाई नाही," प्राजक्ता म्हणाली.

नीलमनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. काळ्या पेटीत बल्ब लावला होता आणि आत पांढराशुभ्र चेहरा. नाक, ओठ, गाल, सगळं जागच्या जागी. यात सांगायचं काय? पंधरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांकडून उत्तरं काढून घेणाऱ्या बाईला असला प्रश्न म्हणजे पहिलीतल्या पोराचा.

"चेहरा आहे. आपल्याकडे पाहून राहिला. नाक चांगलं पुढे आलेलं," तिनं खणखणीत सांगितलं.

प्राजक्तानं लिहून घेतलं. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला काय दिसतं आणि त्यातलं किती लक्षात राहतं, यावर ती अमरावतीत संशोधन करत होती. तुलनेसाठी घरातलंच एक निरोगी माणूस लागायचं. मूर्तिजापूरहून भावाला घेऊन आलेली नीलम त्या रकान्यात बसली होती, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला ते आवडलंही होतं. राजापेठेतल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खोली एकच. एकाची चाचणी चालली की दुसरा भिंतीशी स्टुलावर बसून सगळं ऐकायचा.

मग सुगत पेटीसमोर बसला. चाळिशीला आलेला, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं. त्यानं डोळा झाकला, आत पाहिलं, आणि मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

"ताईनं सांगतलं तसंच हाय."

"तुम्हाला काय दिसतं, दादा?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"आत गेलेला हाय. मुखवट्याची मांगची बाजू हाय थे. नाक बी आत हाय."

नीलम स्टुलावरून अर्धी उठली. "मॅडम, ते नका लिहू. बसच्या गडबडीत सकाळची गोळी राहून गेली त्याची. सुगत, नीट पाह्य बरं."

प्राजक्तानं पेटी उघडली, मुखवटा जसा होता तसाच उचलला आणि नीलमच्या हातात दिला. पोकळ बाजू वर होती. नीलमनं नाकाच्या जागी बोट ठेवलं, ते आत गेलं.

"आपलं मन चेहऱ्यांना इतकं सरावलेलं असतं की खड्ड्याचाही चेहरा करून टाकतं," प्राजक्ता म्हणाली. "हा आजार असलेले पुष्कळ जण इथे फसत नाहीत. आहे तेच त्यांना दिसतं."

"म्हणजे याला बरोबर दिसते?"

"यात बरोबर दिसलं. प्रत्येक गोष्टीत तसं नाही सांगता येत, नीलमताई."

दुसरं वाक्य नीलमच्या कानात शिरलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती शाळेच्या घाईत डबा भरत होती. सुगत आईच्या खोलीतून आला आणि म्हणाला, "ताई, आईचं तोंड वाकडं दिसून राहिलं." त्याला भिंतीवर माणसं दिसायची, फोटोतले चेहरे रागावलेले दिसायचे. वाद घालायचा नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. तिनं वाद घातला नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा आईचं अर्धं अंग लुळं पडलेलं. सकाळीच आणलं असतं तर, एवढंच अकोल्याचे डॉक्टर बोलले. पाचव्या दिवशी आई गेली. तो एक योगायोग होता, आजारी माणसाचं बोलणं चुकून खरं ठरलं, असं नीलमनं दोन वर्षं घोकलं होतं. स्वयंपाकघरापासून आईची खोली चार पावलांवर होती. तेवढी चार पावलं तिच्यानं झाली नाहीत.

शेवटी चित्रांची पाळी आली. आल्याआल्या दोघांना बारा चित्रं दाखवली होती, त्यातली आठवतील तेवढी आता सांगायची होती. सुगतला तीन आठवली. छत्री, बैल आणि पदर घेतलेली म्हातारी. नीलमनं बाराच्या बारा सांगितली, तीही क्रमानं.

"फार चांगली स्मरणशक्ती आहे तुमची," प्राजक्ता कौतुकानं म्हणाली. नीलमला त्या कौतुकाचा रागच आला.

दोघं खाली उतरली. शिकवणी सुटली होती, पोरापोरींच्या स्कूटींनी रस्ता भरून गेला होता. राहिलेली गोळी द्यायला नीलमनं पर्स उघडली. ती काही म्हणण्याआधीच सुगतनं हात पुढे केला, गोळी तोंडात टाकली आणि गिळली. पाण्याची बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

"सुगत, आईच्या टायमाले तू मले काही सांगतलं होतं. आठवते तुले?"

सुगतनं रागवावं, दोन शब्द सुनवावेत, असं तिला फार वाटत होतं.

"नाही आठवत. काय सांगतलं होतं म्या?"

"आईचं तोंड वाकडं दिसून राहिलं म्हणे."

"मंग तू काय म्हटलं?"

एक स्कूटी हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली. नीलमनं त्याचा दंड धरून त्याला कडेला घेतलं.

"गोळी घे म्हटलं."

सुगतनं मान हलवली. मग जरा काळजीनं विचारलं, "घेतली होती का म्या?"

"हो," नीलम म्हणाली. "अशीच. पाणी बी नाही मांगतलं."