डावी कूस

पोट पाण्याने टम्म भरलेलं होतं आणि उठायची परवानगी नव्हती. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवत होत्या: मूत्रपिंडातून लघवी पिशवीत उतरली की रंगीत चमक उठते. उजवीकडून चमक येत होती, डावीकडे अंधार. “आणखी थोडं धरा, काका.” “बाई, धरण फुटेल!” पायाशी उभी लेक हसली. “डाव्या कुशीवर वळा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नळीतला खडा हलतो का बघू.” मी हललो नाही. “दुखतंय?” “नाही.” घरी पलंगावर डावीकडे हिची उशी आहे. ही गेल्यापासून मी त्या कुशीवर वळलेलो नाही. रोज उठवणाऱ्या लेकीला ते ठाऊक होतं. ती टेबलाला वळसा घालून डावीकडे आली. “बाबा, इकडे मी आहे.” मी वळलो. चमक आलीच नाही. “अडकलाय. पण काढता येईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता जा, मोकळे व्हा.” मी तिथेच मोकळा झालो, डोळ्यांवाटे.