राखी रंगावर एकमत

“हा झेंडा झाला,” केशवराव म्हणाले.

भिंतीवर लावलेल्या तक्त्यात बाईचा बीजांडकोश होता. समितीसाठी तक्ते काढणाऱ्या केतकीनं तो आठ दिवस बसून काढला होता. मेंदूखालच्या ग्रंथीतून संप्रेरकांचे दोन निरोप निघतात, एक लाल थेंबांचा, एक पिवळ्या. बीजाभोवतीच्या बाहेरच्या पेशींनी लाल घ्यायचा, आतल्यांनी पिवळा. लाल फार आणि पिवळे कमी झाले की बीज पिकत नाही, पाळी चुकते, दिवस राहत नाहीत. तक्त्यावर अक्षर एकही नव्हतं. कानडी वर की मराठी आणि कुठली किती टक्के, यावर आरोग्य समितीच्या तीन बैठका झाल्या आणि शेवटी शब्दच काढून टाकायचं ठरलं. आज फक्त अध्यक्षांची सही व्हायची होती.

“लाल आणि पिवळा, शेजारी शेजारी,” अध्यक्ष केशवराव म्हणाले. ते निवृत्त वकील होते, पण पुरते नव्हते. “हा कुणाचा झेंडा ते बेळगावात कुणाला सांगायला हवं का?”

“काका, ती हार्मोन्स आहेत.”

“असतील. पण लांबून बघणाऱ्याला काय ठाऊक?”

दाराशी स्टुलावर जांबोटीची आशा कार्यकर्ती मनुबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. उद्या गावात शिबिर होतं आणि तक्ता तिनंच न्यायचा होता.

“जरा बिगीबिगी करा आप्पा,” ती केशवरावांना म्हणाली. “साडेचारची गाडी गेली की मग चालतच जायचं. आमच्या भरमूची आई सोमवारी कणकुंबीला निघालिया, पोरासाठी दुसरी बायको बघायला. सून सौम्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली, मूल न्हाय. म्हातारी म्हणतिया पोरगीतच खोट हाय. लई सांगितलं, ऐकून घेत न्हाय. डोळ्यानं बघितल्याबिगर तिला काय पटत न्हाय.”

“पहिली असताना दुसरी? ते कायद्यात बसत नाही.”

“कायदा आमच्या गाडीनं येत न्हाय आप्पा.”

केतकीनं लॅपटॉप उघडला आणि पिवळ्याचा केशरी केला. छपाईयंत्रानं कण्हत नवा कागद बाहेर सोडला.

“आता बघा, कसं प्रसन्न वाटतं,” केशवराव म्हणाले.

तालुक्याच्या कचेरीतून आलेला सदस्य आदर्श खुर्चीत पुढे सरकला. “हे चालत नाही बघा सर. उद्या हे लावलं की परवा माझ्या टेबलावर निवेदन येतंय. भगवा कशाला घातला म्हणून. मग उत्तर मीच लिहायचं.”

“तो भगवा नाही, ते संप्रेरक आहे,” केतकी म्हणाली.

“मला कळतंय मॅडम. निवेदन देणाऱ्याला कळत नाही.”

हिरवा आला तेव्हा तिसरे सदस्य परशराम खोकले. निळ्यालाही खोकले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चहा आला, पिऊन झाला. चार वाजून गेले.

राखी रंगावर मात्र तिघांचं एकमत झालं. समितीच्या सहा वर्षांतलं ते पहिलंच, म्हणून परशरामांनी त्याची वेगळी नोंद घ्यायला सुचवलं.

केतकीनं राखी कागद भिंतीवर लावला. ग्रंथी राखी, थेंब राखी, बाहेरच्या पेशी राखी, आतल्याही राखी.

“यात दोन्ही निरोप सारखेच दिसतात,” ती म्हणाली.

“दिसू देत की. समानता आहे,” केशवराव म्हणाले आणि पेनचं टोपण काढायला लागले.

मनुबाई उठून तक्त्यापाशी आली. तिनं तो वरून खाली पाहिला, मग खालून वर.

“ह्यात हाक कोण मारतंय आणि ऐकतंय कोण?”

केतकी लॅपटॉप मिटून खिडकीबाहेर बघत राहिली.

शुक्रवार होता. कोपऱ्यातल्या देवीच्या तसबिरीची सकाळीच पूजा झाली होती आणि पुढ्यात हळदीकुंकवाचं पंचपाळं उघडंच होतं. मनुबाईनं ते उचलून आणलं. टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि तक्त्यावर ठेवलं.

“ही तांबडी हाक. लई हाईत ह्या.” बोट भराभर चाललं, ग्रंथीपासून बाहेरच्या पेशींपर्यंत. मग दुसरं बोट हळदीत. “ही पिवळी. दोन-तीनच. म्हणून भायेरच्या पेशी नुसत्या कालवा करत्यात आणि आतल्यास्नी कायबी ऐकू येत न्हाय. बी हाय तसंच कच्चं. पोरगीत खोट न्हाय, हाकंत घोळ हाय. गोळ्या घेतल्या की लई जणींचं सुधरतंय. व्हय न्हवं, बाई?”

“हो,” केतकी म्हणाली.

मनुबाई मागे सरकली. तक्त्यावर लाल आणि पिवळा शेजारी शेजारी होते, पहिल्या कागदावर होते तसेच, उलट थोडे जास्तच भडक. आदर्शनं केशवरावांकडे बघितलं. परशरामांना खोकला आला नाही.

केशवरावांनी आक्षेप घ्यायला उजवा हात वर केला. तो अर्ध्यावर थांबला. समोर हळद-कुंकू वाहिलेलं होतं. मग डावाही येऊन त्याला मिळाला आणि त्यांची मान खाली गेली.

“हात जोडू नगा आप्पा,” मनुबाई म्हणाली. “सही करा. गाडी चुकंल.”