दोघांनीही यायचं

पिक्चरची तिकिटं तीन काढायची की दोन, हे नितेशला अजून ठरवता येत नव्हतं. रागिणी येते म्हणाली होती, पण तिच्या येण्याची त्याला खात्री नव्हती. गेल्या चौदा महिन्यांत ती दोघं फक्त घटस्फोटाच्या तारखांना कोर्टात भेटली होती, तीही आपापल्या वकिलाच्या आडून.

अकोल्याहून तो गाडीनं बडनेऱ्याला उतरला आणि ऑटोनं अमरावतीला आला. रागिणीचं माहेर बडनेऱ्यातच, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. पण त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, हे त्यानं स्वतःशी ठरवलेलं होतं. त्यांची मुलगी अवनी आईजवळ राहायची आणि एक रविवार आड त्याच्याकडे अकोल्याला यायची.

मागच्या आठवड्यात तिचाच फोन आला. "पप्पा, लहान लेकरांचा एक पिक्चर लागला हाये. सगळे लय हसून राहिले म्हणे. मले पाहाचा हाये. पण तुमी दोघंही पाहिजे."

"मी नेतो ना तुले. मम्मीले काहून त्रास?"

"दोघंही. नाही तर मले जायाचंच नाही."

अकरा वर्षांची ही पोर कधी हट्ट करत नसे. हल्ली तर बोलायचीही मोजकंच. नितेशला नाही म्हणवलं नाही.

थिएटरच्या फाटकाशी उन्हातून स्कूटी येऊन थांबली; मागे अवनी बसली होती. रागिणीनं तोंडाला गुंडाळलेली ओढणी सोडली. नितेशकडे न पाहता ती अवनीला म्हणाली, "पप्पाले विचार, जेवून आले काय."

"पप्पा, जेवून आले काय?"

"मम्मीले सांग, डबा आणला होता. गाडीत खाल्ला."

"मम्मी, डबा खाल्ला त्यायनं."

अवनीनं हे सगळं सपाट आवाजात केलं. तिचा चेहरा या कामाला सरावलेला होता. आत गेल्यावर ती पुढे झाली आणि दोघांच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसली.

पिक्चर खरंच हसवणारा होता. भांडखोर नवरा-बायको आणि त्यांची दोन वांड पोरं. दोघांचं पटावं म्हणून पोरं आईबापाला गच्चीवर बोलावतात आणि बाहेरून कडी लावून घेतात. गच्चीवर शेजाऱ्यांची एक बकरी असते. ती बापाची कागदपत्रं खाते, मग आईची पर्स. सगळं थिएटर खदखदत होतं. पुढच्या रांगेतला एक छोटा तर खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटत होता.

नितेशला मात्र हसू येईना. त्यानं बाजूला पाहिलं. अवनी पडद्याकडे बघतच नव्हती. आधी ती त्याच्याकडे पाहत होती, मग आईकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. पोरीनं आपल्याला इथं कशाला आणलंय ते त्याला लख्ख कळलं.

मध्यंतरात अवनी पाणी प्यायला गेली. मधली खुर्ची रिकामी झाली.

"तुमाले समजलं ना?" रागिणी म्हणाली. चौदा महिन्यांत ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलत होती.

"समजलं."

"पोरगी घरी रडत नाही. शाळेतून येते, जेवते, झोपते. मले तेचंच भेव वाटते."

"माझ्याकडंही नाही रडत." नितेश म्हणाला. "आपलं भांडण लागलं की न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसे ते. आठवते?"

रागिणीनं मान हलवली. आठवण्यासारखं खूप होतं. भाजीतल्या मिठावरून भांडण, माहेरच्या लग्नाला उशीर झाला म्हणून भांडण, आधीचं भांडण कोणी सुरू केलं यावरून पुन्हा भांडण. शेवटी शेवटी शेजारच्या माणिकबाई भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायच्या.

"मीही काही कमी बोललो नाही," नितेश म्हणाला.

"मीही."

एवढ्यात अवनी येऊन मधल्या खुर्चीवर बसली. नंतर पडद्यावर बकरी वकिलाच्या मागे लागली तेव्हा दोघं एकाच वेळी हसली. आपण हसलो हे लक्षात येऊन पुन्हा हसली.

बाहेर पडल्यावर ऊन जरा उतरलं होतं. कोपऱ्यावर रसवंती होती. अवनी बाकावर जाऊन बसली आणि ही दोघं घाण्याजवळ रसाची वाट पाहत उभी राहिली.

"वकिलाले थांब म्हणू काय?" नितेशनं हळूच विचारलं.

रागिणीनं उसाच्या चिपाडांकडे पाहिलं. "म्हणा. पण आवाज चढवाचा नाही. तुमीही नाही अन् मीही नाही."

"लेकरासाठी."

"हो. लेकरासाठी."

ग्लास घेऊन ती दोघं बाकाशी आली. नितेश अवनीसमोर उकिडवा बसला.

"अवनी, तुह्या मनातलं आमाले समजलं. आता तिघं एकाच घरी राहू. शाळा सुरू व्हायच्या आत मी तुमाले अकोल्याले न्यायाले येतो."

अवनीनं आईकडे पाहिलं. रागिणीनं डोळे पुसत मान डोलावली.

अवनीनं रस संपवला, ग्लास बाकाखाली ठेवला, हात फ्रॉकला कोरडे केले. मग खिशातून घडी केलेला एक कागद काढून मांडीवर उलगडला. अचलपूरच्या मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज होता. नाव, जन्मतारीख, इयत्ता, सगळं तिनं आपल्या गोल अक्षरात भरलं होतं. खालच्या दोन जागा तेवढ्या कोऱ्या होत्या.

"तुमी राहा दोघं," ती म्हणाली. "पण इथं आईची अन् वडलांची, दोघांचीही सही लागते, म्हणून बोलावलं होतं मी."